आता कुठे, पुढे कोण

कातळवाडी, जि. रत्नागिरी
२ एप्रिल २०२४

चि. गुरुप्रसाद यास दादाचे आशीर्वाद.

माझा फोन तू उचलत नाहीस. संदेशच्या फोनवरून केला तर माझा आवाज ऐकून ठेवून देतोस. म्हणून हे पोस्टाने. फाडायचं तर फाड, फक्त वाचून फाड. ‘गावाला ये’ असं यात कुठेही लिहिलेलं नाही, तेव्हा भिऊ नकोस.

शिमगा पार पडला. पालखी घरोघर फिरून देवळात जाऊन बसली. तुझ्या दारातही थांबली. दार बंद, म्हणून गुरवाने नेहमीसारखं कडीला फूल अडकवलं आणि भोई पुढे निघाले. दरवर्षी तेच होतं, त्यात नवीन काही नाही. नवीन आहे ती आमची सून, आणि तिच्याविषयी कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडेना.

तू संदेशच्या लग्नाला आला नाहीस, म्हणून सांगतो. ज्ञानेश्वरी मूळची अंजनवेलची. रत्नागिरीत औषधांच्या एजन्सीत ऑर्डरी बघते, रोज एस.टी.ने जाते-येते. मी उभं आयुष्य कंडक्टर म्हणून काढलं, त्यामुळे वेळेवर गाडी पकडणारं माणूस मला आधीच आवडतं. तिची एक सवय मात्र मला सुरुवातीला खुळेपणाची वाटली. मोबाइलमध्ये टिपणं ठेवायची ॲप असतात. एक घेऊन माणसाने गप्प बसावं की नाही? ही बसत नाही. एकात महिनाभर लिहायचं, मग तोंड वाकडं करून म्हणायचं, ‘बाबा, हे मला बसत नाही,’ की लगेच दुसरं. तुझी वहिनी तिला म्हणते, ‘नवरा एका बैठकीत पसंत केलास, आणि वही बघायला इतके पाहुणे?’ ती हसते आणि तिसरं उतरवून घेते.

तर यंदा गावबैठकीत नेहमीचं रडगाणं झालं. चाकरमानी मुंबईहून फोन करकरून जीव खातात, पालखी कुठवर आली, आमच्याकडे कधी. देवळावरच्या कागदावर वेळ लिहिलेली असते, पण तो कागद गावात आणि माणसं वाटेत. ज्ञानेश्वरी घरी मला म्हणाली, ‘मी फोनमध्ये लिहून ठेवते. ज्याला त्याला आपल्या फोनवर दिसेल.’ मी विचारलं, हे सगळं कशासाठी अंगावर घेतेस? म्हणाली, ‘काकांचं झालं तसं परत कुणाचं होऊ नये.’

म्हणजे तुझी गोष्ट तिला ठाऊक होती. मी सांगितली नव्हती, वहिनीने सांगितली असणार. नव्या घराचा पहिला शिमगा. योगिनीला आणि लेकीला, सानवीला, आणायला तू रत्नागिरी स्टेशनवर गेलास. कागदावर संध्याकाळ होती. वरच्या वाडीत दोन घरांना सुतक आलं, ती घरं वगळली, आणि पालखी दुपारीच तुझ्या दारात आली. तू परतलास तोवर पुढे गेली होती, आणि आपल्याकडे पालखी मागे फिरत नाही. ‘खांदा तुझा होता, दादा, तू का थांबवली नाहीस,’ असं तू चारचौघांत म्हणालास. मी तेव्हा जे सांगितलं तेच आज सांगतो. देवीला थांबवणारा मी कोण? तो वाद आज उकरत नाही.

ज्ञानेश्वरी मला शेजारी बसवून वरच्या वाडीपासून घरं लिहायला लागली. मी सांगायचं, तिने टिपायचं. कोणाच्या घरानंतर कोणाचं, मान कोणाचा आधी. शेवटी आपली कातळवाडी आली. गंगुबाईचं घर झालं, पुढे तुझं. मी म्हणालो, हे सोड, बंद असतं. ती म्हणाली, ‘बंद असलं तरी घरच ना?’ आणि तुझं नाव लिहून मोकळी झाली. त्यापुढे आमचं.

तिने घेतलं होतं ते खुणेच्या चौकोनांचं ॲप. पालखी एका घरातून निघाली की चौकोनावर बोट लावायचं. दोन दिवस सुरळीत चाललं. मुंबईचे फोन बंद झाले. तिसऱ्या दिवशी गंगुबाई पदर खोचून आमच्या अंगणात. तिच्या नातवाने फोनवर तिला यादी दाखवली होती. बोट लावलं की त्या ॲपात नावावर आडवी रेघ पडते आणि नाव तळाला जातं.

‘माझ्या घराच्या नावावर काट कोणी मारलान?’ गंगुबाई म्हणाली. ‘मेल्या माणसाच्या नावावर काट मारतत. मी अजून जिती हाय. आनी ती पन शिमग्यात, देवी दारात बसलेली असताना.’

मला हसू आवरेना, म्हणून मी गोठ्याकडे गेलो. ज्ञानेश्वरी मात्र हसली नाही. म्हणाली, ‘आजी, तुमचं बरोबर आहे. माझ्या लक्षात आलं नाही.’ तिथेच ओटीवर बसून तिने झाली-गेली सगळी घरं रेघेखालून बाहेर काढली, आणि त्याच संध्याकाळी ते ॲप फोनमधून काढून टाकलं. गंगुबाई जाताना मला म्हणाली, ‘सून बरी आनलंस.’ तिच्या तोंडून बरी म्हणजे काय, ते तुला सांगायला नको.

योगिनीला आणि सानवीला आशीर्वाद. उत्तराची घाई नाही.

दादा

•

२८ मार्च २०२५

चि. गुरुप्रसाद,

वर्षभरात उत्तर आलं नाही. बरं आहे. पत्र परत आलं नाही, म्हणजे पोचलं एवढं तरी कळलं.

गेल्या पत्रात जी गोष्ट अर्धी सांगितली तिचा पुढचा भाग असा, की यंदा ज्ञानेश्वरीने एका शिमग्यात दोन ॲप बदलली. पहिलं रकान्यांचं. डावीकडे घर, उजवीकडे वेळ, रंग वेगवेगळे. कंडक्टरच्या डोळ्यांना ते बघून किती बरं वाटलं म्हणून सांगू. वेळा मीच बसवल्या. अमक्याकडे इतकी मिनिटं, तमक्याकडे ओटी भरणाऱ्या बायका जास्त, तिथे थोडी वाढवून. रत्नागिरी-जयगड गाडीचं वेळापत्रकसुद्धा इतकं देखणं नव्हतं.

आणि मग तिने ते सगळ्यांना उघडं केलं. तिचा हेतू चांगला. सुतक आलं, दुखणं आलं, तर ज्याने त्याने आपल्या घरापुढे लिहावं. आपली माणसं तुला माहीत आहेत. खालच्या वाडीतल्या दीपकची रजा संपत होती, त्याने ठाण्यात बसून आपलं घर उचललं आणि सगळ्यांच्या वर नेऊन ठेवलं. त्याचं बघून बाकीच्यांनी हात धुऊन घेतले. सकाळी उघडून बघतो तर देवी वाघजाई एकाच वेळी तीन अंगणांत बसलेली. मानकरी माझ्यावर उखडले. सखाराम गावकर, गावाच्या वतीने देवीपुढे गाऱ्हाणं घालतो तो, मला म्हणाला, ‘काशीराम, ही पालखी हाय का रिक्षा?’

मला वाटलं, आता पोरगी रडेल, किंवा सोडून देईल. तिने दोन्ही केलं नाही. दुपारी जेवताना म्हणाली, ‘सगळ्यांनी एकदम चिमटीत रंग घेतला तर रांगोळी होत नाही.’ आणि दुसरं घेतलं. हे फार हुशार होतं म्हणे. एका घराच्या नावावर बोट ठेवलं की त्या घराचं पान उघडायचं, त्या पानावरून त्यांच्या सोयऱ्यांचं, तिथून आणखी कुणाचं. एक पान उघडलं की दहा दारं. एका ॲपातलं दुसऱ्यात जसंच्या तसं जात नाही, म्हणून सगळी घरं तिने परत हाताने लिहिली. कामावरून यायचं, चहा घ्यायचा, आणि मला हाक मारायची, ‘बाबा, बसू या?’ जन्म गावात गेलेल्यांना आपल्या वाडीपलीकडची घरं सांगता येत नाहीत. ही अंजनवेलची पोर आता डोळे मिटून सगळं गाव म्हणून दाखवते. मला आमच्या आईची आठवण झाली. आईला अशीच सगळ्यांची घरं, लेकी, जावई पाठ होते.

ते हुशार ॲप सड्यावर, त्या उघड्या कातळमाळावर, पोचलं आणि मेलं. वरच्या वाडीतून खाली उतरताना कातळावर रेंज नाही, आणि रेंजशिवाय ते उघडतच नाही. नुसतं गोल चाक फिरतंय. इकडे पालखी निघालेली, तिकडे लोकांच्या फोनात ती अजून वरच्या वाडीतच. ज्ञानेश्वरीने फोन कमरेला खोचला आणि पालखीच्या पुढे धावत सुटली. उन्हाने कातळ तापलेला, ही अनवाणी. प्रत्येक दारात जाऊन तोंडाने सांगत गेली, ‘येतेय, दिवा लावा, रांगोळी उरका.’ एकही घर चुकलं नाही. संध्याकाळी वहिनीने तिचे पाय गार पाण्यात ठेवले, तेव्हा तळव्यांना फोड आलेले.

मी रागाने म्हणालो, पुरे झालं, कागदच बरा होता. ती म्हणाली, ‘बाबा, आज मी धावताना काय सांगत होते? अमुक वाजता येते, असं एकालाही सांगितलं नाही. तुमच्या शेजारी पोचली, आता तुमच्याकडे, एवढंच सांगितलं. आणि तेवढ्याने सगळ्यांचं भागलं.’ मला तेव्हा काही कळलं नाही. नंतर रात्रभर माझ्या वेळापत्रकाकडे बघून मला वाईट वाटत होतं, हे तुझ्यापुरतं ठेव.

तुझ्या कडीला यंदाही फूल. अंगणातली कर्दळ माजली होती, ती मी छाटली. परवानगी विचारायला फोन केला होता.

दादा

•

१९ जानेवारी २०२६

चि. गुरुप्रसाद,

हे पत्र मात्र नीट वाच.

काल गावबैठक झाली. बंद घरं दरसाल वाढताहेत, खांदे देणारी माणसं कमी होताहेत. भोई प्रत्येक बंद दारात थांबतात, तिथेच ऊन डोक्यावर येतं, आणि ज्या घरात माणसं वाट बघत बसलीत तिथे पोचायला उशीर होतो. म्हणून ठरलं, की या शिमग्याला जी घरं बंद असतील ती यापुढे पालखीच्या फेरीतून कमी करायची. पुढे कोणाला परत यायचं तर गावापुढे नारळ ठेवून रीतसर विचारायचं. मी विरुद्ध बोललो. सखाराम म्हणाला, ‘तुझ्या भावाचं घर म्हणून बोलतंस.’ मी म्हणालो, हो, माझ्या भावाचं घर म्हणूनच बोलतोय. पण ठराव झाला. गावाचंही चुकलं असं मला म्हणता येत नाही.

आणि तू नारळ घेऊन गावापुढे उभा राहणार नाहीस, हे तुला लहानपणापासून ओळखतो म्हणून सांगतो. म्हणजे यंदा दार उघडलं नाही, तर तुझं घर फेरीतून गेलं ते गेलंच. पायाचा चिरा न् चिरा तू स्वतः निवडून आणला होतास. त्या घरात देवी एकदाही बसली नाही.

ज्ञानेश्वरीचं सांगायचं राहिलं. तिला हवं ते ॲप मिळालं. दिसायला इतकं गरीब की मी म्हणालो, हे तर पाटी-पेन्सिलच झालं. रंग नाहीत, रकाने नाहीत, चौकोन नाहीत. कोरं पान आणि अक्षरं. पण रेंज नसली तरी लिहिता येतं, आणि रेंज आली की आपोआप सगळ्यांकडे पोचतं. लिहिणार ती एकटी, बाकीच्यांनी वाचायचं. दुसऱ्या कुणाला लिहू द्यायचं तर ते तिच्या हातात. पानावर वर दोनच ओळी. ‘आता कुठे’, आणि ‘पुढे कोण’. वेळ कुठेही नाही.

‘पालखीला वेळ नसते, बाबा,’ ती मला म्हणाली, ‘पालखीला क्रम असतो. मी दोन वर्षं तिला वेळ विचारत बसले, म्हणून कुठलंच बसेना.’ कंडक्टरला हे पचायला जड गेलं. पण विचार केल्यावर वाटलं, अडाण्यालाही ठाऊक असलेली ही गोष्ट आमच्यापैकी कोणी कधी मोठ्याने म्हटली नव्हती. म्हटली असती, तर तू त्या दुपारी स्टेशनवर न जाता शेजारच्या घराकडे डोळे लावून बसला असतास.

गणपतीत तिने त्याची परीक्षा घेतली. भजनीबुवा घरोघर आरतीला फिरतात, त्यांच्यामागे हिने ते दोन ओळींचं पान चालवलं. एक घर चुकलं नाही, एका माणसाचा फोन आला नाही. गंगुबाई अक्षर वाचत नाही, पण तीसुद्धा नातवाला विचारायची, ‘पुढं कोन?’

मी तिला विचारलं, एवढी ॲप बदललीस, कंटाळा कसा आला नाही? पहिल्यालाच चिकटून राहिली असतीस तरी कोणी नावं ठेवली नसती. ती म्हणाली, ‘नावं गावाने ठेवली नसती. पण बसत नाही ते बसतंय म्हणून वापरत राहायचं, मला जमत नाही.’ गुरू, मला खरंच या पोरीचं कौतुक वाटतं. आमच्या पिढीत आम्ही न बसणाऱ्या गोष्टी जन्मभर अंगावर घालून हिंडलो, आणि त्यालाच धीर म्हणत राहिलो.

या वेळीही घरं तिने नव्याने लिहिली. बैठकीचा ठराव तिला मी सांगितला होता. तरी गंगुबाईच्या घरापुढे तिने तुझं घर लिहिलं आणि माझ्याकडे बघितलं. मी पुढचं घर सांगितलं, आमचं.

दादा

•

१६ फेब्रुवारी २०२६

गुरू,

तुझं उत्तर नाही. ज्ञानेश्वरी म्हणते, ‘बाबा, आता काकांना पत्र टाकू नका, मी बघते काय ते.’ ती काय बघणार आहे, ते सांगत नाही. माझा स्वभाव ऐकून गप्प बसायचा नाही, म्हणून हे चार शब्द.

तुझं अंगण मी आणि संदेशने साफ केलं. वहिनीने सारवायला काढलं होतं, मी सांगितलं, फरशी घातलेलं अंगण सारवत नाहीत. नळाला पाणी येतं. दाराचं कुलूप गंजलं आहे, त्यात तेल सोडलं. माझ्याकडे किल्ली नाही आणि मला ती नको. ते दार दुसऱ्या कोणी उघडून उपयोग नाही.

पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं, की ‘ये’ असं यात नाही. या पत्रात आहे. ये.

दादा

•

१२ मार्च २०२६

चि. गुरू यास दादाचे अनेक आशीर्वाद.

आता तू फोन उचलतोस. परवा उचललास, काल स्वतः केलास, आणि वहिनीशी इतका वेळ बोललास की तिची आमटी लागली. तरी हे फोनवर सांगायला मला जमलं नसतं. म्हणून पोस्टाचा शेवटचा त्रास देतो.

तू आलास त्या दिवशी सगळ्यांना सांगत होतास, ‘बघा, बरोबर वेळेत पोचलो.’ वाडीतल्या बायका तोंडाला पदर लावून का हसत होत्या, ते तुला कळलं नाही. ते सांगायला हे पत्र आहे.

सकाळी पालखी वरच्या वाडीतून उतरली तेव्हा तू येतोयस हे मला माहीत नव्हतं. ज्ञानेश्वरीला माहीत होतं. तिने मागेच तुझ्या सानवीला ते पान पाठवलं होतं, आणि सगळ्या गावात फक्त सानवीला त्यावर लिहायची परवानगी दिली होती. तुमची गाडी माणगावात अडकली, तेव्हा सानवीने तुझ्या घराच्या नावाखाली ‘माणगाव’ लिहिलं. नंतर ‘पोलादपूर’. नंतर कितीतरी वेळ काहीच नाही. आणि इकडे पालखी कधी नव्हे ती झपाझप निघालेली, कारण बंद घरं वगळायच्या गोष्टी आधीच सगळ्यांच्या मनात होत्या. पालखी कातळवाडीत शिरली तेव्हा पानावर आलं होतं ‘संगमेश्वर’.

दुसरी कोणी असती तर मानकऱ्यांकडे गेली असती, थांबा म्हणून. आणि मानकऱ्यांनी तेच सांगितलं असतं जे मी तुला सांगितलं होतं. ज्ञानेश्वरी गंगुबाईकडे गेली. कानात काय सांगितलं ते मला कोणी सांगत नाही. मी बघितलं ते एवढंच, की पालखी गंगुबाईच्या अंगणात बसली, ओटी झाली, आरती झाली, भोई उचलायला वाकले, आणि गंगुबाई एक नारळ घेऊन पुढे आली.

‘माझ्या मुंबैच्या लेकासाठी गाऱ्हानं घाल,’ ती सखारामला म्हणाली.

सखारामने घातलं. घरच्या म्हातारीने देवीपुढे नारळ ठेवला की गाऱ्हाणं संपेपर्यंत पालखी उचलायची नाही, हा नियम तुलाही ठाऊक आहे. ते संपलं, तर हिने दुसरा नारळ काढला. नातवाच्या परीक्षेसाठी. मग सुनेच्या गुडघ्यासाठी. मग विहिरीचं पाणी लवकर आटतं त्यासाठी. मग फणस धरत नाही त्यासाठी. सखारामचा घसा बसत आला. दर वेळी सगळी वाडी ‘व्हय महाराजा’ म्हणतेय आणि सगळ्यांच्या पोटात कावळे ओरडताहेत. मला काही कळत नव्हतं. मी म्हणालो, ‘आवर गो गंगे, देवीला अजून दोन घरं जायचंय.’

‘देवी कंटाळली नाय, तू कशाला कंटाळतंस?’ ती म्हणाली, आणि म्हशीचा नारळ काढला. म्हैस दूध आखडते, तिच्यासाठी.

तेव्हा ज्ञानेश्वरी माझ्याजवळ आली आणि तिने फोन माझ्यासमोर धरला. ‘आता कुठे’ यापुढे गंगुबाई. ‘पुढे कोण’ यापुढे तू. आणि तुझ्या नावाखाली सानवीने लिहिलेलं, ‘जाकादेवी सोडलं’. मी ते वाचलं. मग माझ्या लक्षात आलं, की अंगणातल्या एकाही बाईच्या चेहऱ्यावर घाई नाही. सगळ्यांना ठाऊक होतं. नव्हतं ते मला आणि सखारामला. मी पायरीवर बसलो. त्या दोन ओळींच्या पानासाठी पोरीने किती खटाटोप केला, मी तिची किती थट्टा केली, आणि तिने तो कोणासाठी चालवला होता, ते मला त्या पायरीवर कळलं. तिच्या डोक्यावर हात ठेवावासा वाटला, पण चारचौघांत आपल्याला ते येत नाही. आता लिहितो म्हणजे तू तरी तिला सांगशील.

म्हशीचं गाऱ्हाणं झालं. गंगुबाईने पिशवीत हात घातला आणि तिचा चेहरा पडला. नारळ संपले होते. भोई उठले. एकाने दांड्याला हात लावला.

माझ्या घरची ओटी आमच्या अंगणात मांडलेली होती, तुझ्या घरापलीकडे. ज्ञानेश्वरी धावली आणि आमचा नारळ घेऊन आली. मी तो देवीपुढे ठेवला. सखाराम वैतागून म्हणाला, ‘तुझ्या घरी घालतो की गाऱ्हानं, हितं कशाला?’ मी म्हणालो, इथेच घाल. त्याने विचारलं, काय सांगू? मी त्याच्या कानात सांगितलं. मग त्याने घसा खाकरला आणि असा आवाज लावला, की वरच्या वाडीपर्यंत गेला असेल.

पुढचं तुझ्यासमोर झालं. तू गाडीतून उतरलास, धावत जाऊन कुलूप काढलंस, योगिनीने उंबऱ्यावर पाणी घातलं, आणि देवी तुझ्या अंगणात बसली. तू डोळे पुसत होतास, मी बघितलं. मीही पुसत होतो, तू बघितलं नाहीस.

पालखी तुझ्याकडून आमच्याकडे निघाली तेव्हा तू चालता चालता मला विचारलंस, ‘दादा, आमची गाडी वळणावर आली तेव्हा सगळे व्हय महाराजा, व्हय महाराजा म्हणत होते. कसलं गाऱ्हाणं होतं ते?’ मी म्हणालो, ‘गंगुबाईच्या म्हशीचं.’

म्हशीचं नव्हतं, गुरू. सखाराम म्हणत होता, ‘हे आई वाघजाई, बारा वाड्यांच्या देवा महाराजा. आज ह्यो काशीराम तुझ्या पायाशी नारळ ठेवून उभा हाय. ह्येचा धाकटा भाऊ वाटेत हाय. त्याला सुखरूप घराकडं आन. आनी ह्या दोघा भावांत जा काय वाकडं आलंय, ता सरळ कर.’

व्हय महाराजा म्हणाली वाडी. आणि वळणावर तुझी गाडी दिसली.

तुझा
दादा